कल्याण–निर्मल महामार्ग आणि त्याच्या वाटेवर कोरलेली नावे

कल्याणहून मुरबाड, आळेफाटा, अहिल्यानगरकडे जाणाऱ्या एसटी ज्या रस्त्याने धावतात तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 61. जुन्या चालकांच्या तोंडी अजून 222 हाच आकडा असतो, कारण 2010 मध्ये देशभरातल्या महामार्गांचे क्रमांक बदलेपर्यंत तो कल्याण–निर्मल महामार्ग क्रमांक 222 होता. आता त्याची सुरुवात भिवंडीपासून धरतात. कल्याण, मुरबाड, माळशेज घाट, ओतूर, आळेफाटा, अहिल्यानगर, पाथर्डी, माजलगाव, पाथरी, मानवत, परभणी, वसमत, नांदेड, भोकर आणि मग तेलंगणात भैंसा, निर्मल. निर्मलपर्यंतचे अंतर सुमारे सहाशे किलोमीटर. महाराष्ट्रातले सात जिल्हे यात येतात. मुंबई–पुणे किंवा समृद्धीसारखे या रस्त्याचे कौतुक होत नाही. हा भाजीच्या टेम्पोंचा, उसाच्या गाड्यांचा, तालुक्याच्या कोर्टात तारखेला जाणाऱ्यांचा रस्ता आहे.

बौद्ध तरुणांनी या रस्त्याकडे वेगळ्या नजरेने बघायला हवे. गेल्या काही वर्षांत लेणी पाहायला, साफ करायला, धम्मलिपी शिकायला निघणारे गट गावोगावी तयार झाले आहेत. ही फार चांगली गोष्ट आहे. पण बऱ्याचदा आपण लेणीवर पोहोचतो, बुद्धवंदना घेतो, फोटो काढतो आणि परततो. ही लेणी इथेच का कोरली आणि कोणाच्या पैशातून, हा प्रश्न राहून जातो. त्याचे उत्तर रस्त्यात आहे.

बंदर, घाट आणि पठार

ख्रिस्तोत्तर पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेले ‘पेरिप्लस’ हे सागरी प्रवासाचे टिपण प्रसिद्ध आहे. त्यात कल्याणचा उल्लेख ‘कॅलिएना’ असा येतो. पूर्वी हे मोकळे बंदर होते, पण आता तिथे अडवणूक होते आणि ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असे तो सांगतो. सातवाहन आणि क्षत्रप यांच्यात व्यापारावरून जी ओढाताण चालली होती तिचा हा पुरावा आहे. त्याच टिपणात पैठण आणि तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर, या दोन बाजारपेठा येतात. पैठणहून मौल्यवान खडे आणि तेरहून सुती कापड गाड्यांतून समुद्राकडे जात असे.

कल्याणच्या खाडीत उतरलेला माल पठारावर न्यायचा तर सह्याद्री चढावाच लागणार. मुरबाडच्या पुढे वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची पायवाट सुटते. आजचा डांबरी रस्ता तिथून माळशेजकडे वळतो. प्राचीन वाट मात्र नाणेघाटाने सरळ कडा चढून घाटघरमार्गे जुन्नरला उतरायची. म्हणजे महामार्ग 61 आणि सातवाहनांचा व्यापारी मार्ग हे एकावर एक बसणारे रस्ते नाहीत, हे आधीच समजून घेतलेले बरे. कल्याण ते वैशाखरे आणि पुढे जुन्नरचा परिसर इथे त्यांची दिशा जुळते. ओतूर–आळेफाट्यानंतर जुनी वाट पैठणकडे जायची, आजचा रस्ता अहिल्यानगर–पाथर्डीकडे जातो. काही जण समाजमाध्यमांवर नकाशावर सरळ रेषा ओढून ‘हाच तो रस्ता’ म्हणतात, तसे ते नाही.

नाणेघाटाच्या माथ्यावर खडकात कोरलेले एक दालन आहे. त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा मोठा लेख आहे. तो ब्राह्मी लिपीत, म्हणजे आपण जिला धम्मलिपी म्हणतो तिच्यात, प्राकृत भाषेत आहे. भारतातल्या अंकचिन्हांच्या इतिहासात त्याला मोठे स्थान आहे. आत सिमुक, सातकर्णी, नागनिका यांच्या आणि घराण्यातल्या इतरांच्या प्रतिमा होत्या. आता वर कोरलेली नावे आणि पायांचे अवशेष उरले आहेत.

इथे स्पष्ट बोलायला हवे. नाणेघाटाचे दालन ‘बुद्ध लेणी’ आहे असे मेसेज दर पावसाळ्यात फिरतात. त्या लेखात अश्वमेध, राजसूय अशा वैदिक यज्ञांची यादी आहे. त्या यज्ञांत दक्षिणा म्हणून दिलेल्या हजारो गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापणे यांचे आकडे आहेत. सुरुवातीला इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य आणि लोकपालांना वंदन आहे. हा राजघराण्याच्या यज्ञांचा जाहीर फलक आहे, आणि तो घाटमाथ्यावर, प्रत्येक व्यापाऱ्याला दिसेल अशा जागी लावलेला आहे. तो आपला म्हणून सांगायचे काही कारण नाही. उलट तो जसा आहे तसा वाचला, तर जुन्नरला पोहोचल्यावर जे दिसते त्याचे महत्त्व कितीतरी पटीने कळते.

नाणेघाटातच पाण्याच्या पोढ्या आहेत. त्यातल्या एकीवर दामघोष नावाच्या एका गहपतीने, म्हणजे सामान्य कुटुंबप्रमुखाने, ती खोदवल्याचा लेख आहे. राणीच्या यज्ञांच्या यादीपासून हाकेच्या अंतरावर एका गृहस्थाने घाट चढून आलेल्यांसाठी पाणी ठेवले. तिथला मोठा दगडी रांजण जकातीची नाणी टाकायला होता, असे लोक सांगतात. लेखांत मात्र त्याचा आधार नाही.

जुन्नर: कोणाच्या दानातून?

घाट चढून आलेला तांडा कुकडीच्या खोऱ्यात जुन्नरला थांबायचा. जुन्नरभोवती तुळजा, लेण्याद्री, शिवनेरी आणि मानमोडी या डोंगरांत दीडशेहून अधिक खोदकामे आहेत. एवढी दाटी महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी आढळते. तुळजा लेणीतले गोल चैत्यगृह आणि त्याच्या मध्यभागी असलेल्या स्तूपाभोवतीचे बारा खांब हे सुरुवातीच्या काळातले. या लेण्यांत बुद्धमूर्ती नाही. स्तूप हेच वंदनस्थान आहे.

लेण्याद्रीच्या चैत्यगृहाचा लेख मला या सगळ्या रस्त्याचा मध्यबिंदू वाटतो. कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत याने हे चैत्यगृह दान दिले, इतकेच तो सांगतो. ‘हेरणिक’ म्हणजे सोनार किंवा सोन्या-नाण्यांचा व्यवहार पाहणारा. कल्याणच्या सराफाच्या मुलाने घाटावर जुन्नरला येऊन चैत्यगृह कोरवले. तो राजा नव्हता. त्याचा व्यवहार या रस्त्यावर चालत असणार, म्हणून त्याचे दानही या रस्त्यावर आहे. कल्याण ते जुन्नर या वाटेचा याहून नेमका पुरावा दुसरा नसेल.

जुन्नरमध्ये तिसाहून अधिक लेख आहेत. जेम्स बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांचे लेख 1881 मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हापासून ते अभ्यासकांसमोर आहेत. त्यांतली नावे सावकाश वाचा. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पोढी दिली. बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे आणि कासारांच्या श्रेणीकडे ठेवलेल्या रकमेची नोंद आहे. इरिल, चिट आणि चंद या तीन यवनांची दाने आहेत: कोणी पोढ्या दिल्या, कोणी भोजनमंडप, कोणी दर्शनी भाग. आदुथुम नावाच्या शक उपासकाने शेतजमिनीचे उत्पन्न दिले ते करंज आणि वडाची झाडे लावण्यासाठी. धम्मुत्तरीय पंथाच्या भिक्खुणींच्या विहाराचाही उल्लेख एका लेखात आहे. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याने वर्ष 46 मध्ये मंडप आणि पोढी दिल्याचा लेख मानमोडीत आहे, पण तिथेही दाता राजा नाही, अधिकारी आहे.

बुरूड, कासार, धान्य व्यापारी, परदेशातून आलेले यवन आणि शक, भिक्खुणी. हीच माणसे पुढच्या काळात वर्णव्यवस्थेने खाली ढकलली किंवा बाहेर ठेवली. संघाला दान देताना त्यांना कोणाची परवानगी लागली नाही आणि खडकावर नाव कोरताना लाज वाटली नाही. सगळे सातवाहन राजे संघाच्या विरोधात होते असा याचा अर्थ नाही. नाशिकच्या लेणीत गौतमी बलश्रीचे दान आहेच. पण जुन्नरचा संघ राजाच्या खजिन्यावर नाही, रस्त्यावरच्या श्रमावर आणि व्यापारावर उभा होता, एवढे हे लेख स्पष्ट सांगतात.

श्रेणीकडे रक्कम ठेवण्याची ही पद्धत समजून घ्यावी अशी आहे. तिला ‘अक्षयनीवी’ म्हणतात, म्हणजे मूळ रक्कम न मोडता कायम ठेवायची ठेव. तिचा सर्वांत स्वच्छ हिशेब नाशिकच्या लेणी क्रमांक 10 मध्ये उषवदाताच्या लेखात आहे. त्याने 3000 कार्षापणे दिली. त्यातली 2000 विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, 1000 दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने ठेवली. मुद्दल परत मागायचे नाही, व्याजातून वर्षावासातल्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापणे द्यायची. कारागिरांना भांडवल मिळाले, संघाला वर्षानुवर्षे उत्पन्न मिळाले. आपल्या विहारांच्या ट्रस्टच्या बैठका जयंतीच्या वर्गणीपुढे जात नाहीत, तेव्हा हा हिशेब आठवतो.

लेणी व्यापारी मार्गांच्या नाक्यांवर का आहेत, हे पायी फिरून दाखवणारा अभ्यासक म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. पाली आणि बौद्ध साहित्याचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांचे ते पुत्र. व्यवसायाने गणिती असलेल्या या माणसाने घाटवाटा पालथ्या घातल्या आणि संघ हा व्यापाराला आधार देणारा, स्वतः मोठा ग्राहक असलेला आणि जंगलातल्या वाटांवर सुरक्षित विसावा देणारा घटक होता, अशी मांडणी केली. तिच्यावर पुढे चर्चा झाल्या, दुरुस्त्याही सुचवल्या गेल्या. तरी लेणीकडे रस्त्यावरून बघायला त्यांनीच शिकवले.

आज लेण्याद्री बहुतेकांना ठाऊक आहे ती अष्टविनायकांपैकी एक म्हणून. सुलसदताच्या चैत्यगृहाला लागून असलेला, खोल्यांनी वेढलेला मोठा विहार आता गिरिजात्मज गणपतीचे मंदिर आहे. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून आलेले हजारो लोक भिक्खूंच्या निवासात उभे असतात, आणि शेजारचे चैत्यगृह पाच मिनिटांत उरकतात. यावर आपल्याकडे दोन टोकाच्या प्रतिक्रिया दिसतात. एक म्हणजे घोषणा देणे, दुसरी म्हणजे तिकडे न जाणे. दोन्हींपेक्षा उपयोगी काम म्हणजे लेख वाचून दाखवता येईल अशी चार पोरे-पोरी प्रत्येक तालुक्यात तयार करणे. हे स्मारक भारतीय पुरातत्त्व विभागाकडे आहे. तिथे सुलसदताचा लेख मराठीत वाचता येईल असा ठळक फलक असावा, ही मागणी कोणाच्याही श्रद्धेला धक्का न लावता, लेखी अर्ज करून, करता येते.

पठारावरून पूर्वेला

एकोणिसाव्या शतकात मुंबईहून निघालेली रेल्वे बोर घाटाने आणि थळ घाटाने वर गेली, 1863 आणि 1865 मध्ये. मधला नाणेघाट–माळशेजचा पट्टा राहून गेला. कल्याणहून माळशेजमार्गे नगरला रेल्वे हवी ही मागणी तेव्हापासून मागे पडलेल्या या पट्ट्याचीच आहे. म्हणून इथे सगळा भार डांबरी रस्त्यावर. पावसाळ्यात माळशेजला दरड कोसळली की कल्याण आणि ओतूर यांच्यातला संपर्क तुटतो.

आळेफाट्याला पुणे–नाशिक रस्ता ओलांडून पुढे गेले की पाऊस कमी होत जातो. अहिल्यानगर, मग करंजीचा घाट, पाथर्डी. इथून माजलगावपर्यंतचा पट्टा ऊसतोड मजुरांचा. दिवाळीच्या सुमारास याच रस्त्याने कोयते, भांडीकुंडी, लेकरेबाळे घेऊन कुटुंबे पश्चिमेकडच्या कारखान्यांवर जातात. त्यांत आपल्या वस्त्यांतली घरेही असतात. 1972 च्या दुष्काळात या भागांत दुष्काळी कामांवर रस्त्यांची खडी फोडली गेली. भूमिहीन बाया-माणसे, त्यांतले पुष्कळ पूर्वाश्रमीचे महार, मांग, हातोडा घेऊन उन्हात बसली. रोजगार हमीचा कायदा त्यातूनच पुढे आला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बुरुडांच्या श्रेणीची नोंद खडकावर वाचता येते. आपल्या आजीने फोडलेल्या खडीची नोंद कुठल्याही मैलाच्या दगडावर नाही. ती नावे अजून सांगू शकणारी माणसे हयात आहेत, त्यांच्याकडे बसून ती लिहून घेणे हेही लेणी वाचण्याइतकेच काम आहे.

माजलगाव, पाथरी, मानवत, परभणी. मराठवाड्यात आल्यावर या रस्त्याचा इतिहास आपल्या पिढीच्या जवळ येतो. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि दंगल पेटली. नांदेड आणि परभणी जिल्ह्यांतल्या खेड्यांनी सर्वाधिक सोसले. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे यांना 4 ऑगस्ट 1978 रोजी मारले गेले. नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी नोव्हेंबर 1993 मध्ये नामांतरासाठी आत्मदहन केले. 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला. एका नावासाठी सोळा वर्षे गेली.

परभणीत 10 डिसेंबर 2024 रोजी रेल्वे स्थानकाजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदनंतर अटकसत्र झाले आणि 15 डिसेंबरला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्याआधी जून 2023 मध्ये नांदेड शहरालगतच्या बोंढार हवेली गावात भीमजयंतीच्या रागातून एका तरुणाचा खून झाल्याची फिर्याद दाखल झाली होती.

गावातून मिरवणूक काढणे म्हणजे गावाच्या मुख्य रस्त्याने चालणे. वाद बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो, म्हणून कायदा माहीत असावा. संविधानाच्या अनुच्छेद 15 च्या दुसऱ्या उपकलमात ‘रस्ते’ हा शब्द स्पष्टपणे आहे. सरकारी पैशातून राखलेल्या किंवा सर्वसामान्य जनतेसाठी असलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणत्याही नागरिकावर निर्बंध घालता येत नाही. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम 4 मध्ये अस्पृश्यतेच्या कारणावरून अशी अडवणूक करणे गुन्हा ठरवले आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 2015 च्या दुरुस्तीने कलम 3(1)(झेडए) आले. त्यात अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला रस्ता, पाणवठा, स्मशान वापरताना अडवणे, सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटारसायकल चालवण्यास, नवे कपडे घालण्यास, लग्नाची वरात काढण्यास, घोड्यावर बसण्यास आडकाठी करणे हे सगळे येते. फिर्याद लिहून देताना ‘वाद झाला’ असे मोघम न लिहिता, कोणत्या सार्वजनिक रस्त्यावर, कोणत्या जागेपासून कोणत्या जागेपर्यंत जाताना, कोणत्या शब्दांत अडवले, हे लिहा. रस्ता ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा की राष्ट्रीय महामार्ग, तेही लिहा.

नांदेडनंतर भोकर, मग सीमा ओलांडून भैंसा आणि निर्मल, जिथे हा रस्ता नागपूर–हैदराबाद महामार्गाला मिळतो. जाता जाता एक खुलासा: हे भोकर आणि जालना जिल्ह्यातले भोकरदन वेगळे. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या लेखांत ज्या ‘भोगवर्धन’चा उल्लेख येतो ते भोकरदन, आणि ते या रस्त्यावर नाही.

ज्यांना प्रत्यक्ष जायचे आहे त्यांनी दोन दिवस ठेवावेत. पहिल्या दिवशी कल्याणहून पहाटेच्या गाडीने वैशाखरे, नाणेघाट चढून माथ्यावर लेख आणि पोढ्या पाहून घाटघरमार्गे जुन्नर मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी तुळजा, मग लेण्याद्री, वेळ उरला तर मानमोडी. पावसाळ्यात नाणेघाटाला झुंबड असते आणि दगड निसरडे असतात, ऑक्टोबर ते फेब्रुवारी बरा. लेण्याद्रीची लेणी दक्षिणाभिमुख असल्याने हिवाळ्यात ऊन आतपर्यंत येते. लेख वाचताना अक्षरांवर खडू, चुना किंवा पाणी लावू नका. तिरपा टॉर्च धरला की अक्षरे उठून दिसतात, आणि सुलसदताचे नाव वाचायला तेवढे पुरते.